क्लाससोबतच टेस्ट फाइल बनवणारी कमांड: कोरी टेस्ट हिरवी असावी का?

पंचगंगाकाठ

मंडळी, नमस्कार. लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कवाल्यांनी जरा लक्ष द्या, बाकीच्यांनीही दिलं तर उत्तमच.

आम्ही चौघं मिळून गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) मोजलं जातं, दरपत्रकातून दर निघतो आणि दहा दिवसांनी बिल. त्यातून पशुखाद्याची बाकी, उचल, काय काय वजा होतं. कोड फार डोकेबाज नाही, पण पैशाचा आहे. लिटरमागं दहा पैसे इकडंतिकडं झाले तर सभासद वही घेऊन काउंटरवर उभा राहतो, आणि बहुतेक वेळा त्याचाच हिशेब बरोबर असतो.

म्हणून यंदापासून नियम केलाय: नवा क्लास (कोडचा एक तुकडा) आला की जोडीला त्याची टेस्ट फाइल, म्हणजे तो बरोबर चालतो का ते तपासणारा कोड, आलीच पाहिजे. पण हातानं ती फाइल बनवायची म्हणजे फोल्डर करा, नेमस्पेस लिहा, वर यूजच्या ओळी लिहा, आणि हे सगळं करून झाल्यावर मग टेस्ट लिहायची. मुलं कंटाळतात. त्यात आमच्या क्लासची नावं मराठी, लिहायची इंग्रजी अक्षरांत. दूध कुणी एका 'यू'नं लिहितो, कुणी दोन 'ओ'नं. उचलमध्ये एक 'सी' घालायचा की दोन, यावर आमच्यात दोन तट आहेत. क्लास एका स्पेलिंगचा आणि टेस्ट दुसऱ्या स्पेलिंगची असं झालं की शोधूनही सापडत नाही. वर विंडोजवर मोठं अक्षर, लहान अक्षर सगळं चालून जातं. लिनक्स सर्व्हरवर तोच क्लास 'सापडला नाही' म्हणून आडवा येतो.

एकदाच नाव टाइप करायचं आणि क्लास व टेस्ट दोन्ही जागच्या जागी तयार, अशी कमांड हवी आहे. लॅराव्हेलच्या आर्टिसन या कमांड चालवायच्या साधनात मेक:कंट्रोलर आहे, त्याला --टेस्ट लावलं की टेस्ट बनते, हे माहीत आहे. अडचण पुढं आहे. आमचं खरं गणित कंट्रोलरमध्ये (वेबवरची विनंती घेणाऱ्या क्लासमध्ये) नसतंच, ते सर्व्हिसेस फोल्डरमधल्या साध्या क्लासमध्ये असतं. आणि दुसरं म्हणजे ती बनलेली टेस्ट चालवली की लगेच पास होते! आत बघितलं तर ती वेबसाइटच्या मुख्य पानाला गेट रिक्वेस्ट पाठवते आणि २०० (सगळं ठीक) आलं का एवढंच बघते. संकलनाच्या कंट्रोलरशी तिचा काडीचा संबंध नाही. नवीन आलेल्या पोरानं मला टर्मिनल दाखवलं, सगळं हिरवंगार, म्हणजे पास. काय बोलणार?

एका सहकाऱ्यानं बॅश स्क्रिप्ट लिहू म्हणून सुचवलंय. पण आमच्यातले तिघं विंडोजवर आहेत. तुम्ही लोक काय करता? आणि नव्यानं बनलेल्या कोऱ्या टेस्टमध्ये नेमकं काय ठेवता?

---

जुनं_खोड

पंगतीत पान मांडलं म्हणजे जेवण झालं का? तसंच आहे हे. फाइल बनवणारी कमांड फाइलच बनवणार. तुमच्या नियमात 'टेस्ट फाइल आली पाहिजे' असं लिहिलंय, मग फाइलच येणार. 'टेस्ट आली पाहिजे' असा नियम करा.

मला विचाराल तर तुमचा क्रमच उलटा आहे. आधी टेस्ट, मग क्लास. पीएचपीमध्ये यासाठी पीएचपीस्पेक नावाचं साधन आहे. त्यात 'डिस्क्राइब' कमांडला क्लासचं नाव दिलं की फक्त स्पेकची (म्हणजे टेस्टची) फाइल बनते, क्लास बनत नाही. मग 'रन' केलं की ते म्हणतं, असा क्लास दिसत नाही, बनवू का? हो म्हटलं की क्लास बनतो. स्पेकमध्ये एखादी मेथड वापरली आणि ती क्लासमध्ये नसेल तर तीही विचारून बनवून देतं. म्हणजे कोडची प्रत्येक फाइल कुणीतरी आधी काहीतरी मागितलं म्हणून जन्माला येते. मला ही शिस्त आवडते. तरुणांना आवडत नाही, हेही ठाऊक आहे.

---

अर्धविराम

@पंचगंगाकाठ, बॅशच्या नादी लागू नका आणि बाहेरचं पॅकेजही आणू नका. तुम्हाला हवं ते लॅराव्हेलच्या पोटातच आहे, फक्त समोर मांडलेलं नाही. मी साताऱ्यातल्या एका पतसंस्थेच्या व्याजाच्या हिशेबावर काम करते. तुमच्या फॅटच्या जागी आमचे दिवस, बाकी दुखणं तेच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आर्टिसनच्या बहुतेक 'मेक' कमांड एका जनरेटर-कमांड नावाच्या मूळ क्लासवरून आलेल्या आहेत. तो एक्स्टेंड करून तुमची स्वतःची मेक:सर्व्हिस कमांड लिहा. दोनच मेथड लिहाव्या लागतात: स्टब (नव्या फाइलचा साचा) कुठे आहे ते सांगणारी, आणि क्लास कोणत्या नेमस्पेसमध्ये जायचा ते सांगणारी. नाव पीएचपीचा राखीव शब्द असेल किंवा फाइल आधीच असेल तर नकार देणं हे सगळं मूळ क्लास सांभाळतो. --फोर्स हा पर्याय तुमच्या कमांडला मुद्दाम देऊ नका, म्हणजे भरलेल्या फाइलवर कोरी फाइल चढायचा प्रश्नच मिटला.

आता जोडीच्या टेस्टचं. लॅराव्हेलमध्ये 'क्रिएट्स मॅचिंग टेस्ट' नावाचा ट्रेट (क्लासला जोडता येणारा तयार कोड) आहे. तो तुमच्या कमांडमध्ये वापरला की --टेस्ट आणि --पेस्ट (पेस्ट हे टेस्ट लिहायचं दुसरं साधन) हे पर्याय आपोआप मिळतात. क्लासचा ॲप फोल्डरखालचा रस्ता घेऊन, शेवटी 'टेस्ट' जोडून, तीच फोल्डररचना टेस्ट्सखाली उभी केली जाते. नाव एकदाच टाइप केलेलं असल्यामुळे तुमच्या 'यू' आणि 'ओ'चं भांडण संपलं. निदान चुकलं तर दोन्हीकडे सारखं चुकेल आणि रिव्ह्यूमध्ये दिसेल.

पण हा ट्रेट जसाच्या तसा वापरला तर दोन गोष्टी खटकतात.

तो टेस्ट कायम फीचर फोल्डरमध्ये टाकतो. तुमच्या दराच्या गणिताला ना डेटाबेस लागतो, ना रूट. ती टेस्ट युनिटमध्ये हवी, कारण तिथली टेस्ट पीएचपीयुनिट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या मूळ टेस्टकेसवरून येते आणि लॅराव्हेलचं ॲप सुरूच करत नाही. शेकडो टेस्ट झाल्या की हा फरक हाताला जाणवतो. शिवाय कुणी चुकून दराच्या क्लासमधून थेट डेटाबेसला हात घातला तर युनिटमध्ये तो लगेच आपटतो, फीचरमध्ये खपून जातो.

आणि टेस्टच्या स्टबला मूळ क्लासचं नावच माहीत नसतं. त्यात नेमस्पेस आणि टेस्ट क्लासचं नाव या दोनच रिकाम्या जागा असतात. त्यामुळे ती टेस्ट कुणाची आहे हे फाइलच्या नावावरूनच ओळखायचं. मी ट्रेटमधली टेस्ट बनवणारी मेथड आमच्या कमांडमध्ये ओव्हरराइड केली आहे. आमचा स्वतःचा स्टब वाचायचा, मूळ क्लासचं पूर्ण नाव त्यात घालायचं, युनिटखाली फाइल लिहायची. वीसेक ओळींचं काम आहे. ओव्हरराइड केलंच आहे तर --टेस्टची अटही काढून टाका. ज्याला टेस्ट नको असेल त्याने तसं टाइप करावं. आमच्याकडे --टेस्टविना असा उलटा पर्याय ठेवलाय आणि तो कुणी वापरला की रिव्ह्यूत विचारणा होते.

हे स्टब रिपॉझिटरीत ठेवा. २०२० मध्ये लॅराव्हेल ७ आलं तेव्हापासून स्टब:पब्लिश ही कमांड आहे. ती चालवली की नेहमी वापरले जाणारे स्टब तुमच्या प्रकल्पाच्या मुळाशी 'स्टब्ज' फोल्डरमध्ये येतात आणि तिथून पुढे तुमचेच वापरले जातात. जे बदलणार नाही ते पब्लिश झाल्यावर डिलीट करून टाका. नाहीतर लॅराव्हेल पुढे जातं आणि तुमचे स्टब जुन्याच काळात राहतात.

आता तुमचा खरा प्रश्न, कोऱ्या टेस्टमध्ये काय ठेवायचं. फीचरचा मूळ स्टब मुख्य पान उघडतो, हे तुम्ही पाहिलंच. युनिटचा त्याहून थोर: 'खरं हे खरं आहे' एवढंच तपासतो. दोन्ही हिरवे. मला हे पटत नाही. फ्रेमवर्क नुकतं बसवलंय आणि टेस्टची यंत्रणा चालते का हे बघायला पहिल्या दिवशी ते ठीक आहे. त्यानंतर बनणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये तेच टाकणं म्हणजे कामाचा खोटा दाखला.

काही जण तिथे मुद्दाम फेल होणारी ओळ टाकतात. आम्हीही तसंच करत होतो. त्यात मुलं घाईघाईने लाल घालवायला काहीतरी थातूरमातूर लिहितात, ऑब्जेक्ट नल नाही ना वगैरे, आणि मग ती फाइल कायमची हिरवी होऊन बसते. कोऱ्या फाइलपेक्षा हे वाईट, कारण कोरी निदान कोरी दिसते.

आता आमच्या स्टबमध्ये 'मार्क टेस्ट इनकम्प्लीट' आहे, सोबत क्लासचं नाव. आपल्या मशीनवर ती पिवळी दिसते, काम अडत नाही. पीएचपीयुनिट अपूर्ण टेस्टला एरवी अपयश मानत नाही, पण सीआयवर (कोड जोडण्याआधी आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर) आम्ही --फेल-ऑन-इनकम्प्लीट लावतो. त्यामुळे फांदीवर वाटेल तितका वेळ पिवळं ठेवा, मुख्य शाखेत येताना भरलेलंच आलं पाहिजे. --फेल-ऑन-रिस्कीही लावा. एकही असर्शन (निकालाची तपासणी) नसलेली टेस्ट पीएचपीयुनिट रिस्की धरतं, ती पळवाटही बंद होते. पेस्ट वापरत असाल तर तिथे टूडू (करायचं बाकी) ही खूण आहे, आणि --टूडूज लावून बाकी राहिलेल्यांची यादी मिळते.

@जुनं_खोड काका, पीएचपीस्पेकचा क्रम मलाही आवडतो. पण चार जणांच्या टीमला, चालू गाडीत, टेस्टचं साधनच बदला म्हणणं मला जमणार नाही.

---

पंचगंगाकाठ

अर्धविराम ताई, हे म्हणजे घरातच होतं आणि मी गावभर विचारत होतो. आज दुपारी बसून कमांड केली, चालली. पिवळा रंग पोरांना पहिल्यांदाच दिसला, 'हे काय नवीन' म्हणून दोघं उठून आले.

एक विचारतो. स्टबमध्ये आणखी काही भरता येईल का? म्हणजे दरपत्रकाच्या क्लासला कोणत्या टेस्ट हव्यात याचा सांगाडाच आला तर? कमांडनं मेथडची नावं वाचून प्रत्येकीला एकेक टेस्ट काढून दिली तर?

---

गोफण

मी गो भाषेवाला, पुण्यात. तुमच्या शेवटच्या प्रश्नावर बोलतो, कारण आमच्याकडे हे करणारं साधन आहे. गोटेस्ट्स म्हणतात. फाइल दिली की त्यातली फंक्शन वाचून, त्यांचे आर्ग्युमेंट आणि परतीचे प्रकार बघून, प्रत्येकासाठी तक्त्याच्या पद्धतीची टेस्ट लिहून देतं. तक्त्याचे रकाने तयार, फिरणारा लूप तयार, फक्त आतल्या ओळी नाहीत. तिथे 'टेस्ट केस टाका' अशी टूडूची कॉमेंट.

दिसायला फार छान. पण तक्ता रिकामा म्हणजे लूप एकदाही फिरत नाही, म्हणजे टेस्ट पास. गोला त्यात काहीच वावगं वाटत नाही. आम्ही रिव्ह्यूत ती टूडूची ओळ शोधतो आणि सापडली की पुढे वाचतच नाही.

तक्त्याची कल्पना मात्र दुधाच्या दराला अगदी फिट आहे. फॅट, एसएनएफ, अपेक्षित दर. संस्थेच्या सेक्रेटरीलासुद्धा वाचता येईल.

---

माणिकमोती

रुबी ऑन रेल्स या फ्रेमवर्ककडून एक छोटी भर. रेल्समध्ये जनरेट मॉडेल केलं की मायग्रेशन (डेटाबेसमधला बदल), मॉडेल, त्याची टेस्ट आणि फिक्श्चर (टेस्टसाठी नमुन्याचा डेटा) असं चौघांचं बिऱ्हाड एकदम येतं. त्यातल्या टेस्ट फाइलमध्ये नमुन्याची टेस्ट असते, पण कॉमेंट केलेली. म्हणजे काहीच चालत नाही, हिरवंही नाही आणि लालही नाही.

आरस्पेक हे रुबीचं टेस्टचं साधन बसवलं की मजकूर बदलतो. तिथे पेंडिंग येतं आणि संदेश असतो, या फाइलमध्ये काही उदाहरणं टाका किंवा ती डिलीट करा. हा 'किंवा डिलीट करा' मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. नुसते दोन कॉलम असलेल्या मॉडेलला टेस्ट नाही लिहिली तर आकाश कोसळत नाही. @पंचगंगाकाठ, तुमच्या नियमातही अशी पळवाट उघडपणे ठेवा, नाहीतर लोक चोरून काढतात.

अजून एक. रेल्समध्ये डिस्ट्रॉय कमांड आहे, जनरेटने बनवलेलं सगळं तीच नावं घेऊन परत काढते. नाव चुकलं की पुसून पुन्हा करता येतं. तुमच्या कमांडला हे नसेल तर चुकीच्या स्पेलिंगच्या फाइली मागे पडून राहतील.

---

अर्धविराम

@पंचगंगाकाठ, मेथडगणिक टेस्ट काढायच्या फंदात पडू नका. सिग्नेचर वाचून एवढंच कळतं की दोन फ्लोट जातात आणि एक फ्लोट परत येतो. तुमचा धोका सिग्नेचरमध्ये नाही.

बिलाचा कालावधी घ्या. १ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर. पहिले दोन कायम दहा दिवसांचे. तिसरा फेब्रुवारीत आठ, लीप वर्षात नऊ, एप्रिलमध्ये दहा, मेमध्ये अकरा. सगळे हप्ते दहा दिवसांचे धरणारा कोड जूनमध्ये तपासला तर पास होतो, फेब्रुवारीत आणि मेमध्ये घसरतो. हे कोणती कमांड ओळखणार? गाईच्या दुधाचा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया घ्या. नेमकी पायाइतकी नोंद, एका पॉइंटने (०.१) खालची, एका पॉइंटने वरची, या तीन ओळी तक्त्यात हव्यातच. म्हशीच्या ६ आणि ९ ला तसंच. 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा कमी किंवा तितकंच' यातला घोळ नेमका पायावर सापडतो. इन्फेक्शन नावाचं साधन आहे, ते तुमच्या कोडमध्ये मुद्दाम असे छोटे बदल करतं आणि टेस्ट ओरडते का बघतं. दर काढणाऱ्या फोल्डरवर तेवढं चालवून बघा, तक्त्यात कोणती ओळ राहिली ते कळेल.

आणि दर फ्लोटमध्ये असेल तर आधी तिकडे वळा. पीएचपीच्या मॅन्युअलमध्येच उदाहरण आहे: ०.१ आणि ०.७ ची बेरीज, गुणिले १०, त्याचा फ्लोअर. उत्तर ८ यायला हवं, येतं ७. फॅटला दहाने गुणून दरपत्रकाची ओळ शोधणारा कोड तुमच्याकडे असणारच. पैसे पूर्णांकात ठेवा, फॅटही पॉइंटमध्ये पूर्णांकात.

स्टबमध्ये मी एवढंच वाढवलंय: रिकाम्या डेटा प्रोव्हायडरची (टेस्टला तक्त्याच्या ओळी पुरवणारी) मेथड, आणि वर कॉमेंटमध्ये 'हे आकडे कुठून घेतले' अशी ओळ. तिथे संस्थेच्या छापील दरपत्रकाची तारीख लिहायची. आकडे कोडमधूनच काढून टेस्टमध्ये चिकटवायची सवय त्याने बरीच कमी झाली. प्रोव्हायडर मेथड स्टॅटिक ठेवा, पीएचपीयुनिट १० पासून तसं सक्तीचं आहे.

---

जुनं_खोड

दरपत्रकाच्या तारखेची ओळ आवडली. ही मी चोरणार.

---

पंचगंगाकाठ

ताई, प्रोव्हायडर घातला. छापील दरपत्रकं संस्थेच्या कपाटात आहेत, उद्या जाऊन फोटो काढून आणतो. माणिकमोतींचं 'डिलीट करा' पण मान्य, त्याची परवानगी रिव्ह्यूत मागायची असं ठरवलंय.

आता उरले जुने क्लास, ज्यांना टेस्टच नाही. आणि कुणी क्लासचं नाव बदललं तर टेस्टचं नाव तसंच राहतं, कमांडला त्याचा पत्ताच नसतो. याला काय?

---

अर्धविराम

कमांड एकदा फाइल बनवून निघून जाते, तिच्याकडून पुढची अपेक्षा नको. त्यासाठी एकच वेगळी टेस्ट लिहा. सर्व्हिसेस फोल्डरमधल्या सगळ्या फाइली फिरायच्या, प्रत्येकीसाठी युनिटखाली त्याच रस्त्यावर जोडीची फाइल आहे का बघायचं, नसेल तर नाव सांगून फेल. उलट दिशेनेही फिरायचं, म्हणजे नाव बदललेल्या क्लासची अनाथ टेस्ट सापडते. तुलना अक्षरशः करा, विंडोजच्या 'फाइल आहे का' वर विसंबू नका, तिथे लहान-मोठं अक्षर एकच. फोल्डरची यादी वाचून नावाशी नाव जुळवा.

जुन्या क्लासची नावं त्याच टेस्टमध्ये सूट म्हणून एका ॲरेमध्ये ठेवा. परवानगीने डिलीट केलेल्यांचीही तिथेच, शेजारी कारण लिहून. सूट दिलेल्या क्लासची टेस्ट तयार झाली आणि नाव तरी यादीत राहिलं, तर तेव्हाही फेल करा. नाहीतर ती यादी कुणी आवरत नाही. दर आणि वजावटीचे क्लास आधी घ्या, रिपोर्ट छापणारे राहू द्यात शेवटी.